मॅडमचा उपास

"पाय पुढे करा."

नमस्कार, नाव, गाव हे सगळं नंतर. आधी पाय. समोर पेशंट असो, गॅसचा सिलिंडर आणणारा असो नाहीतर बँकेतले साहेब असोत, मॅडम खाली वाकायच्या आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरायच्या. मग अंगठा उचलून त्या जागेकडे बघत राहायच्या. खड्डा राहिला तर अंगात पाणी साठतंय. नाही राहिला तर "ठीक. बसा." मी मुलाखतीला गेले तेव्हा माझीही सुटका झाली नाही. मी घट्ट जीन्स घालून गेले होते आणि ती काही केल्या घोट्याच्या वर सरकेना. मॅडम वाकलेल्या, मी ओढतेय, दोघी गप्प. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या सैल काहीतरी घालून ये." त्यावरून मी नोकरी मिळाली असं समजले. ते बरोबर निघालं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना ओळख करून घ्यायची एकच पद्धत माहीत असते. मॅडमना मूत्रपिंडातून ओळख करून घेता यायची.

मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. मूत्रपिंडाचे आजार आणि शरीरातली हॉर्मोन्स यांच्यावर त्यांचे पुष्कळ शोधनिबंध छापून आले होते. निवृत्त झाल्यावर त्या रत्नागिरीत आल्या, मारुती मंदिराजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसचा विभाग बघायला लागल्या. बोटांचे सांधे धरल्यामुळे त्यांना टाइप करता येत नव्हतं, म्हणून त्यांना कोणीतरी हवं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं इंग्रजी बरं होतं आणि मी फारशी बोलत नाही, हे दोन्ही त्यांना सोयीचं वाटलं.

बोलत नाही म्हणजे मला बोलताच येत नाही असं नव्हे. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी मराठी घशात अडकते. शाळेत मराठी बोललं की दंड असायचा, आणि घरी बोलायला फार कोणी नव्हतं. डायलिसिसच्या खोलीत पहिल्या दिवशी मी शेवंतीकाकींना विचारलं, "तुम्हाला आज कसं वाटत आहे?" त्या देवरूखकडच्या एका वाडीतून एसटीने यायच्या. मशीनला न लावलेल्या हाताने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "काय गो बाय, रेडिओवर होतीस काय आधी?"

सगळी खोली हसली. मॅडमही हसल्या. मी हसले नाही, पण त्या दिवसापासून शेवंतीकाकी मला आवडायला लागल्या.

मॅडमच्या तोंडी एक वाक्य सतत असायचं. "ते मला अजून कळलेलं नाही." डॉक्टरच्या तोंडून हे ऐकायची आपल्याकडे कोणाला सवय नसते. नातेवाईक हादरायचे. एकदा एक मुलगा बाहेर येऊन फोनवर भावाला सांगत होता, "अरे, बाईला काय कळत नाय. स्वतःच सांगते. चल, बाबांना कोल्हापूरला नेऊ." मॅडमनी ते दारातून ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी त्याला कोल्हापूरच्या चांगल्या डॉक्टरचं नाव सांगितलं आणि वर म्हणाल्या, "त्यांनाही कळलेलं नाहीये हं. पण ते सांगत नाहीत, तेवढा तुम्हाला आराम." तो मुलगा बाबांना घेऊन कोल्हापूरला गेला नाही.

त्यांना जे कळलेलं नव्हतं ते काय, हे मला टाइप करता करता हळूहळू समजत गेलं. तुम्हाला सोपं करून सांगते. आपल्या गळ्यात चार इवल्याशा ग्रंथी असतात. त्या एक हॉर्मोन सोडतात आणि ते हॉर्मोन हाडांमधून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. मूत्रपिंड निकामी झालं की जेवणातला फॉस्फरस बाहेर पडत नाही, रक्तात साचतो. तो साचला की या ग्रंथी चेकाळतात आणि हाडं पोखरायला लागतात. म्हणून डायलिसिसच्या पेशंटला जेवणाबरोबर एक गोळी देतात, जी अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते. सुकी मासळी, बारीक मासे काट्यांसकट, हे सगळं फॉस्फरसचं भांडार. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला जे जे आवडतं ते सगळं.

मॅडम स्वतः शाकाहारी. वर्षानुवर्षं मत्स्याहारी माणसांची हाडं तपासत होत्या, पण मासा ताटात कसा दिसतो हे त्यांना पुस्तकावरूनच ठाऊक. माशांची नावं त्यांनी पाठ केली होती, मुलं पाढे करतात तशी. "बांगडा, तारली, मांदेली, सौंदाळा," असं म्हणत त्या जिना चढायच्या.

महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, सगळ्यांचं रक्त तपासणीला जायचं. दोन दिवसांनी रिपोर्ट आले की मॅडम ते हातात घेऊन एकेका खुर्चीशी जायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. हा कार्यक्रम बघण्यासारखा असायचा. कारण मॅडमचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. आकडा चांगला आला की गाल वर जायचे, चष्मा वर जायचा, "वा! वा वा!" म्हणून त्या पेशंटच्या खांद्यावर थाप मारायच्या. वाईट आला की त्यांचा चेहरा असा उतरायचा, जसं काही त्यांच्याच घरात काही झालंय. मग पेशंटच त्यांची समजूत काढायचे. "असूं दे हो मॅडम, पुढच्या वेळी बघू." "पाणी प्या मॅडम."

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचे आणि आकडे भरायचे. आकडे भरता भरता मॅडमना एक गोष्ट दिसायला लागली होती. आमच्या पेशंटांचा फॉस्फरस छान होता, काहींचा तर निरोगी माणसासारखा. हॉर्मोन मात्र आभाळाला भिडलेलं. हे असं व्हायला नको. फॉस्फरस ताब्यात असेल तर ग्रंथी कशाला चेकाळतील?

"ते मला अजून कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या, पण या वेळी आवाजात आनंद होता.

दीड-दोन वर्षं त्या यामागे होत्या. ड जीवनसत्त्व तपासलं, पाणी तपासलं, औषधं तपासली. शेवटी त्यांनी निबंध लिहिला. किनाऱ्यावरच्या या लोकांच्या ग्रंथी वेगळ्या वागतात, फॉस्फरसशिवायच चढतात, तेव्हा यांना ती गोळी कमी दिली तरी चालेल, अशा अर्थाचा. मी तो टाइप केला, संदर्भ लावले, आकृत्या काढल्या. चांगल्या नियतकालिकाने तो स्वीकारला. त्या दिवशी मॅडम पेढे घेऊन आल्या, आणि पेशंटना पेढे चालत नाहीत हे लक्षात आल्यावर खाली जाऊन ते वॉचमनला देऊन आल्या.

खोलीत मात्र मोठी धामधूम. "आमची हाडं इंग्रजीत छापून आली," इब्राहिमचाचा येईल त्याला सांगायचे. चाचा मिरकरवाड्याचे. तरुणपणी मालवाहू बोटींवर खानसामा होते, नंतर बरीच वर्षं आखातात. "बेटी, त्यात माझं नाव हाय काय?"

"नाव नसतं चाचा. फक्त आकडे."

"बघ. जगभर फिरलो, आणि शेवटी आकडा झालो." असं म्हणून ते खूश.

मॅडमनी चाचांची गोळी कमी केली. मग बंदच केली. त्यांचा फॉस्फरस सगळ्यांत सुंदर होता.

आणि मग एके दिवशी चाचा हात गळ्यात बांधून आले. ओला टॉवेल पिळताना मनगट मोडलं होतं. पडले नाहीत, आपटले नाहीत, टॉवेल पिळला. "सुक्या काटकीसारखा आवाज आला गो," ते मला म्हणाले, हसतच. मॅडमनी क्ष-किरणाचा फोटो उजेडासमोर धरला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवशी चेहरा उतरला नाही. तो नुसता थांबला.

बुधवार होता, महिन्याच्या मधला. दुपारी मॅडम मला म्हणाल्या, "चल, चाचांच्या घरी जाऊन येऊ. त्यांचं अंथरूण, पायऱ्या, न्हाणीघर काय आहे बघू. परत पडायला नकोत."

"ते पडले नव्हते, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच."

रिक्षाने आम्ही मिरकरवाड्यात उतरलो. बंदरावर बोटी लागलेल्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, आणि मॅडम साडी सावरत माशांच्या टोपल्यांमधून नावं ओळखत चालल्या होत्या, निम्मी चुकीची. चाचांचं घर गल्लीच्या टोकाला. कळवलेलं नव्हतं. दार उघडंच होतं. चाचा जमिनीवर बसून डाव्या हाताने जेवत होते. ताटात भात, तारल्यांचं लालभडक सार, आणि बाजूला भाजलेली सुकट. आम्ही दारात उभ्या असताना त्यांनी एक अख्खी तारली तोंडात घातली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि कुरकुर आवाज करत चावली.

मॅडम बघत राहिल्या. "काटे?" त्या म्हणाल्या. "काटे काढत नाही?"

"बारीक माशाचे काटे कोण काढतो?" चाचा म्हणाले. आणि मग समोर कोण आहे ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ताट मागे सरकवलं, शाळेत मुलं काहीतरी लपवतात तसं.

आतून चाची आल्या. मॅडमना बघून त्यांची धांदल उडाली. खुर्ची पुसली, पंखा लावला, मला ओढून पलंगावर बसवलं. "या या मॅडम, कळवलं असतं तर... घावणे करते, तुम्ही मासळी नाय खात ना?" आणि मग नवऱ्याच्या ताटाकडे मॅडमची नजर बघून त्या अगदी सहज म्हणाल्या, "आज खातायत हो ते. आज कुठे तुमचा उपास हाय? तो तर रक्ताच्या आधीच्या शनिवारी सुरू व्हायचा."

"माझा उपास?" मॅडम म्हणाल्या. "माझा कसला उपास?"

चाची नवऱ्याकडे बघायला लागल्या. चाचा भाताकडे. मी पंख्याकडे.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. सोमवारी रक्त द्यायचं म्हणून शनिवार-रविवार नुसती पेज. मासळी नाही, सुकट नाही, डाळ नाही, दूध नाही. सुरुवात शेवंतीकाकींनी केली होती. एकदा त्यांच्या घरी कसलं तरी व्रत होतं, दोन दिवस पेजेवर काढले, आणि नेमका त्याच सोमवारी रिपोर्ट सुंदर आला. मॅडमनी खांद्यावर थाप मारली. काकींनी ते मशीनवरच्या शेजारणीला सांगितलं, तिने पुढच्याला. हिंदू, मुसलमान, सगळ्यांनी उचललं. नाव पडलं मॅडमचा उपास. "मी रमजानसुद्धा करत नाय आता, तब्येतीमुळे," चाचा म्हणाले. "पण तुमचा एकपण सोडला नाय."

"पण का?" मॅडमनी विचारलं.

चाचांनी हात धुतला. मग म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट वाईट आला की तुमचं तोंड एवढंसं होतं. एवढ्या लांबून येऊन आमच्यासाठी करता. बघवत नाय ओ."

तुमच्या लक्षात आलं असेलच. दोन दिवस पेज प्यायली की रक्तातला फॉस्फरस उतरतो. हॉर्मोनला दोन दिवसांची पेज फसवू शकत नाही, त्यात महिनोन्‌महिन्यांचं जेवण साठलेलं असतं. मॅडमनी जगाला जे कोडं म्हणून सांगितलं होतं, ते कोडं नव्हतंच. ती पेज होती. आणि त्या पेजेच्या भरवशावर त्यांनी चाचांची गोळी बंद केली होती.

चाचींनी घावणे केले. मॅडमनी सगळे खाल्ले. निघताना चाचांच्या बांधलेल्या मनगटावर त्यांनी नुसता हात ठेवला. रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या, "मी त्यांना कधी विचारलंच नाही की रविवारी काय जेवता."

पुढचे काही दिवस मी त्यांच्याइतकी गप्प बाई पाहिली नव्हती, आणि मी आरशात रोज एक बघते. मुंबईहून त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. सांधे दुखत म्हणून मॅडम फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे मला ऐकू येत होतं. ते म्हणत होते, "कशाला उकरून काढतेस? एक निबंध. नवीन आकडे घे, दुसरा लिही, त्यात हळूच सुधारून टाक. या वयात आपल्या नावाला बट्टा लावून घ्यायचा?"

"नावाचं जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "माझा निबंध वाचून कुठेतरी कोणी डॉक्टर आत्ता एखाद्याची गोळी बंद करत असेल. त्याचं काय करू?"

"कोणी वाचत नाही गं एवढं."

"मग मी लिहिते कशाला?"

फोन ठेवल्यावर त्यांनी मला नियतकालिकाच्या संपादकांना ईमेल लिहायला बसवलं. आमचा निष्कर्ष चुकला आहे, तो मागे घ्यावा, कारण असं असं. कारण काय लिहायचं यावर आम्ही अडलो. मी सुचवलं, पेशंटांनी आहारात बदल करून माहिती लपवली. मॅडमनी मान हलवली. "लपवली नाही. त्यांनी मला दिली होती, भेट म्हणून. मी ती मोजली." हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचलं नाही. शेवटी लिहिलं, की तपासणीच्या वेळेची पेशंटना आधी कल्पना होती आणि लेखिकेने रोजच्या आहाराची चौकशी पुरेशी केली नाही. दोष लेखिकेचा.

पण खरी अडचण ईमेलची नव्हती. खऱ्या आकड्यांशिवाय औषध ठरवता येत नाही, आणि आकडे खरे यायचे तर उपास मोडायला हवा होता. चाचांचं मनगट मोडलं होतं, उद्या कोणाचं खुब्याचं हाड मोडेल. सिस्टर म्हणाल्या, "सोपं आहे. तारीख सांगायचीच नाही. कधीही अचानक रक्त काढायचं."

"चोरून?" मॅडम म्हणाल्या. "ते काय चोर आहेत?"

दुसऱ्या दिवशी सगळी मशिनं चालू असताना त्या खोलीच्या मधोमध स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. निबंध चुकला. का चुकला. चाचांचं हाड आपल्यामुळे मोडलं.  मग शेवंतीकाकी रडायलाच लागल्या. "माझीच आगाऊपणाची बुद्धी. मीच सुरू केलं. देवा, चाचा, माफ करा हो."

"अगो, मला काय झालंय?" चाचा पलीकडच्या खुर्चीवरून ओरडले. "आता टॉवेल बायको पिळते. आराम हाय."

"काकी, रडू नका," मॅडम म्हणाल्या. "मला वचन द्या. सोमवारच्या आधी रोज जेवता तसंच जेवायचं. अगदी तसंच. मग आकडा येईल तो बघून आपण गोळी ठरवू, आणि मग मासे कमी करायचे, पण रोजचे, माझ्यासाठी दोन दिवस नाही."

काकींनी पदराने डोळे पुसले. "आणि आकडा वाईट आला की तुम्ही तोंड पाडणार."

"नाही पाडणार."

"पाडणार," सगळी खोली एका सुरात म्हणाली.

त्या संध्याकाळी मॅडमनी मला विचारलं, "तुझा चेहरा कसा काय हलत नाही गं? मी एवढी वर्षं बघतेय. शिकव मला."

हे कोणी मला पहिल्यांदाच कौतुकाने विचारलं होतं.  मी म्हटलं, "जिभेचं टोक दातांच्या मागे लावून ठेवायचं. आणि समोरच्याच्या कपाळाकडे बघायचं, डोळ्यांकडे नाही." मग आम्ही सराव केला. मी जुने रिपोर्ट वाचायचे, एकाहून एक भयानक, आणि मॅडम माझ्या कपाळाकडे बघत बसायच्या. गाल थरथरायचे. भुवया खाली यायच्या. "उतरला," मी म्हणायचे. "परत." हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी त्या खोलीत एवढं कधी हसले नव्हते. चेहरा झाकायची विद्या मी कुठे आणि का शिकले, ते त्यांनी विचारलं नाही. एक दिवस निघताना मात्र म्हणाल्या, "ही विद्या मला कामापुरती हवी आहे. तूसुद्धा कामापुरतीच वापर."

पहिला खरा सोमवार आला. बुधवारी रिपोर्ट. आकडे असे होते की मी प्रत्येक आकडा दोनदा ताडून भरला. मॅडम शेवंतीकाकींच्या खुर्चीशी गेल्या, जीभ दातांमागे लावली, कपाळाकडे बघितलं आणि आकडा वाचला. सगळी खोली आकडा सोडून मॅडमकडे बघत होती. एक क्षण चेहरा टिकला. मग गाल हलले, आता पडणार असं वाटलं, आणि मॅडम म्हणाल्या, "खरं जेवलात ना?"

"जेवले."

"मग वा! वा वा!" आणि त्यांनी काकींच्या खांद्यावर थाप मारली.

असं त्यांनी प्रत्येक खुर्चीशी केलं. सगळ्यांच्या गोळ्या नव्याने ठरल्या. चाचांची परत सुरू झाली, पूर्वीपेक्षा जास्त. पुढच्या काही महिन्यांत आकडे हळूहळू, रडतखडत, खरोखरीचे खाली यायला लागले. निबंध मागे घेतल्याची सूचना नियतकालिकात छापून आली. मॅडमनी ती मला छापून आणायला सांगितली आणि डायलिसिसच्या खोलीत, पाणी प्यायचं प्रमाण लिहिलेल्या तक्त्याशेजारी, चिकटवली. कोणाला वाचता येत नव्हती. चाचा येईल त्याला सांगायचे, "आमची हाडं परत छापून आली."

दिवाळी तोंडावर आली असताना मॅडम गेल्या. सकाळी फिरून आल्या, खुर्चीत बसल्या, शेजारणीने चहा आणून दिला तेव्हा त्या नव्हत्या. भाऊ-भाचे मुंबईहून आले आणि दोन दिवसांनी गेले. फ्लॅटची किल्ली मी त्यांच्या हातात दिली. रडले नाही. जीभ दातांच्या मागे लावून ठेवली होती.

पुढचा सोमवार रक्ताचा होता. शुक्रवारी खोलीत सगळे आले तेव्हा तोच विषय निघाला. नवीन डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवंतीकाकी म्हणाल्या, "आमच्यात माणूस गेलं की बारा दिवस घरात मासळी शिजत नाय. माझी आई गेली तेव्हा नाय शिजली. मॅडम काय आईपेक्षा कमी होत्या?"

 सिस्टर हळूच मला म्हणाल्या, तपासणी पुढे ढकलू या का.  तेवढ्यात चाचा म्हणाले, "शेवंती, मॅडमला शब्द कुणी दिला होता?"

"मी."

"मग?"

काकींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मशीन बंद होईपर्यंत त्या तशाच पडून होत्या.

सोमवारी सकाळी त्या नेहमीच्या एसटीने आल्या, खुर्चीत बसल्या, हात पुढे केला. मशीन सुरू करण्याआधी सिस्टरनी रक्त घ्यायला नळी उघडली. मी लेबलं घेऊन उभी होते. माझा आवाज मला परका वाटला, पण विचारणं भाग होतं.

"काकी, काल काय जेवलात?"

"सुकट," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "चुलीवर भाजली. वास सुटला तशी शेजारीण धावत आली. म्हणते, शेवंते, तू तर सुतक पाळतेस ना तुझ्या डॉक्टरणीचं? म्हटलं, पाळते. म्हणून तर भाजली."

नळी भरली. मी तिच्यावर शेवंतीकाकींचं नाव लिहिलं. पुढच्या खुर्चीत चाचा बाही वर करून बसले होते.